क्रॉसिंगला पैसा मिळतो, पण आधी ते ‘काम’ म्हणून कागदावर आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडवर एमआयडीसीकडे जाताना शाळा एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला. सकाळी पोरं आणि कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका एकाच वेळी रस्ता ओलांडतात. दोन वर्षांत दोनदा पांढरे पट्टे मारले, दोन्ही वेळा पुसले गेले. नगरसेवक म्हणतात निधी नाही, झोन ऑफिस म्हणतं रस्ता आमच्याकडे नाही. मंडळानं वर्गणी काढून पट्टे आणि एखादा गतिरोधक स्वतःच करून घेतला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, करू नका. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय घातलेल्या गतिरोधकावरून रात्री एखादा दुचाकीवाला पडला, तर पोलीस मंडळाच्या अध्यक्षाचं नाव विचारत येतील. वर्गणीचा चांगला उपयोग करता येतो, तो पुढे सांगतो.

आता ‘निधी नाही’ याबद्दल. माझी नोकरी रस्त्यांची अंदाजपत्रकं आणि निविदा कागदपत्रं तयार करण्यात गेली, आणि निवृत्तीनंतरही लोक तेच काम घेऊन येतात. पैशाअभावी क्रॉसिंग अडलेलं मी फार क्वचित पाहिलंय. बहुतेक वेळा क्रॉसिंग नावाचं काम कागदावरच नसतं. ते रस्ता डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात अगदी शेवटच्या पानावर एका ओळीत असतं: ‘रस्त्यावर पट्टे मारणे, इतके चौरस मीटर.’ कुठे मारायचे, किती रुंद, समोर पदपथ आहे की गटार, याचा नकाशा नाही. काम सुरू झालं की खडी-डांबराचं प्रमाण कुठेतरी वाढतं. मंजूर रकमेच्या आत बिल बसवायचं असतं, मग कात्री लागते ती त्या शेवटच्या ओळीला. आणि ती ओळ कापल्याबद्दल कोणालाही जाब द्यावा लागत नाही, कारण ‘अमुक शाळेसमोरचं क्रॉसिंग’ असं काही मंजूरच झालेलं नसतं.

म्हणून तुमची मागणी ‘पट्टे मारा’ अशी नको. ‘अमुक ठिकाणी पादचारी क्रॉसिंग बांधणे, दिवे व फलकांसह, तीन वर्षांच्या देखभालीसह’ असं स्वतंत्र नाव असलेलं काम मागा. कामाला नाव आणि नकाशा मिळाला की त्याला पैसे शोधता येतात. बिननावाच्या कामाला कुठलाच निधी लागू होत नाही.

पहिली पायरी: रस्ता कोणाचा आहे ते लेखी घ्या. सोलापूर महामार्गांच्या गाठीवर बसलंय. पुणे-हैदराबाद ६५, धुळ्याकडून येऊन विजापूरकडे जाणारा ५२, रत्नागिरी-कोल्हापूर-सांगलीकडून येणारा १६६. शहर वाढत गेलं, बाह्यवळणं झाली, जुने रस्ते शहराच्या पोटात राहिले आणि हस्तांतराचे कागद मागून रेंगाळत आले. त्यामुळे एकाच रस्त्याचा एक तुकडा महापालिकेकडे, पुढचा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, त्यापुढचा महामार्गवाल्यांकडे आणि वसाहतीतले आतले रस्ते एमआयडीसीकडे, असं आपल्याकडे सर्रास असतं. झोनचा अभियंता ‘आमच्याकडे नाही’ म्हणतो तेव्हा तो टाळत असेलच असं नाही, कदाचित खरंच सांगत असेल. पण तोंडी उत्तर फाईलला लावता येत नाही.

माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. दोनच गोष्टी विचारा. अमुक चौक ते अमुक चौक या लांबीची देखभाल कोणत्या कार्यालयाकडे आहे, आणि तिथे शेवटचं डांबरीकरण कोणत्या कार्यारंभ आदेशानं (वर्क ऑर्डरनं) झालं व त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामाच्या हमीची मुदत, कधी संपतो. दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर पुसलेले पट्टे मक्तेदारानं स्वखर्चानं पुन्हा मारायचे असतात. त्याची सुरक्षा ठेव अजून कार्यालयाकडे अडकलेली असते. अशा वेळी नवा निधी मागणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे देणं.

रस्ता महामार्गाच्या ताब्यातला निघाला तर पत्रव्यवहार त्या यंत्रणेकडे करा, पण प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. पोलीस, आरटीओ, बांधकाम, महामार्ग सगळे एका टेबलाशी बसतात. तिथे ‘ब्लॅक स्पॉट’ हा शब्द कानावर पडेल. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० जण दगावले, की ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते आणि सुधारणेला निधी मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: शाळेसमोरच्या क्रॉसिंगसाठी या एकाच दारात उभं राहू नका. पाच गंभीर अपघात होईपर्यंत वाट बघायला लावणारा निकष पादचाऱ्यांसाठी बेतलेला नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. यातले कितीतरी मृत्यू एकेका जागी एकेक करून झालेले असतात. ते कुठल्याही यादीत ‘स्पॉट’ म्हणून उठून दिसत नाहीत.

पत्रात दोन कायदेशीर संदर्भ टाका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९८-अ: रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित प्राधिकरण, मक्तेदार, सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे, पण हे कलम पत्रात दिसलं की फाईलवर शेरा मारणारा माणूस पेन जरा जपून चालवतो. दुसरा संदर्भ सर्वोच्च न्यायालयाचा: २०२५ मध्ये न्यायालयानं अडथळाविरहित पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग मानला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पादचाऱ्यांसंबंधीचे नियम करायला राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली.

दुसरी पायरी मोजणीची. ‘खूप गर्दी असते’ याला अंदाजपत्रकात किंमत नाही. आयआरसी:१०३ या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत एक जुना हिशेब आहे: गर्दीच्या तासात ओलांडणाऱ्या माणसांची संख्या गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार १० कोटींच्या वर, आणि दुभाजक असलेल्यावर २० कोटींच्या वर गेला की तिथे नियंत्रित क्रॉसिंग हवं. आकडे ऐकून घाबरू नका. तासाला ८०० वाहनं आणि २०० माणसं धरा: ८०० चा वर्ग ६ लाख ४० हजार, गुणिले २०० म्हणजे १२ कोटी ८० लाख. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर निकष पार. तुमच्या शाळेसमोर सकाळी सात ते आठ यापेक्षा जास्त वर्दळ असणार.

मोजताना एक खाच लक्षात ठेवा. मोजणीत फक्त ओलांडणारे येतात. भीतीपोटी जे ओलांडतच नाहीत, नातवाला रिक्षानं पाठवतात, पुढच्या चौकापर्यंत चालत जाऊन वळसा घेतात, ते मोजले जात नाहीत. म्हणून शंभर-दीडशे मीटर अलीकडे-पलीकडे जिथून जिथून लोक ओलांडतात ते सगळं मोजा आणि एका हातानं काढलेल्या नकाशावर दाखवा. वालचंद इन्स्टिट्यूट किंवा शासकीय तंत्रनिकेतनच्या सिव्हिलच्या मुलांना प्रकल्प म्हणून हे काम आवडतं, आणि प्राध्यापकाच्या सहीची मोजणी अभियंता सहसा झटकून टाकत नाही. पोलिसांकडून ई-डार या अपघातनोंदीच्या संगणक प्रणालीतली त्या लांबीची तीन वर्षांची अपघातनोंद मागवून घ्या. ती आली तर उत्तम, नाही आली तर तिच्यासाठी थांबू नका.

आता पैसा. महापालिकेचं स्वतःचं वार्षिक अंदाजपत्रक, म्हणजे बजेट, हा सरळ मार्ग, पण त्याला वेळापत्रक आहे. विभाग आपल्या मागण्या दिवाळीच्या आसपास कळवायला लागतात, प्रशासनाचं अंदाजपत्रक वर्ष संपायच्या आधी मांडलं जातं. तुम्ही एप्रिलमध्ये अर्ज घेऊन गेलात तर गाडी सुटलेली असते. मागणी करताना रकमेवर भांडू नका, लेखाशीर्षावर, म्हणजे बजेटमध्ये खर्च ज्या नावाखाली दाखवतात त्या ओळीवर, भांडा. ‘पादचारी सुरक्षा’ नावाचं स्वतंत्र शीर्ष उघडून त्यात नाममात्र तरतूद झाली तरी पुरे. वर्षाच्या मध्यावर कुठे ना कुठे पैसे पडून राहतात, ते वर्गीकरणानं या शीर्षात वळवता येतात. शीर्षच नसेल तर आयुक्तांची कितीही इच्छा असली तरी वळवणार कुठे? सभागृह असो वा प्रशासक, हा नियम बदलत नाही.

आमदार आणि खासदार निधीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. रक्कम भरपूर आहे, राज्यात आमदारांना वर्षाला ५ कोटी आणि खासदारांनाही ५ कोटी. पण हा पैसा टिकाऊ मालमत्तेसाठी आहे. ‘पट्टे मारणे’ हे देखभालीचं काम, त्यामुळे शिफारसपत्र मिळूनही नियोजन कार्यालयातून प्रस्ताव परत येतो आणि कार्यकर्ते म्हणतात साहेबांनी दिलं पण अधिकाऱ्यांनी अडवलं. त्याच जागी ‘उंचावलेलं क्रॉसिंग, दुभाजकात थांबण्याची जागा, पदपथाला उतार, दोन दिव्याचे खांब’ असा प्रस्ताव गेला की ती मालमत्ता होते. पट्टे त्यातच येतात. जिल्हा नियोजन समितीमार्फत येणाऱ्या नगरोत्थान या राज्याच्या शहरविकास योजनेच्या पैशालाही हेच लागू. तिथे महापालिकेला स्वहिस्साही भरावा लागतो, म्हणून लेखा विभागाला आधी विचारून घ्या.

एक वाट फारसं कोणी चोखाळत नाही. सोलापूर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत आहे. आपल्याकडे हवेतला मोठा त्रास रस्त्याच्या धुळीचा, हे सांगायला यंत्र नको, गच्चीवर वाळत घातलेले कपडे पुरेसे आहेत. या कार्यक्रमात रस्त्याच्या कडा पक्क्या करणं, पदपथ करणं ही धूळ कमी करण्याची कामं म्हणून बसतात. डांबर आणि पदपथ यांच्यामधली ती मातीची पट्टी, जिथे बायका चिखलात नाहीतर धुळीत उभ्या राहून गाड्या जायची वाट बघतात, ती याच पैशातून पक्की होऊ शकते. मग उरलेलं क्रॉसिंग तुलनेनं स्वस्त पडतं. पर्यावरण विभाग आणि बांधकाम विभाग एकमेकांशी बोलले तरच हे होतं, आणि ते घडवून आणायला बाहेरचा माणूस लागतो. म्हणजे तुम्ही.

वित्त आयोगाच्या पैशावर फार विसंबू नका. पंधराव्या आयोगात आपल्यासारख्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, आणि उरलेल्या अबंधित हिश्श्यावर सगळ्यांचा डोळा. सोलापुरात पाण्याचं काम पुढ्यात असताना क्रॉसिंगसाठी त्यातला पैसा मागणं शहाणपणाचं नाही. स्मार्ट सिटीचं दार बंद झालं, ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. वाहतूक दंडाच्या तडजोड शुल्कातून होणारा रस्ता सुरक्षा निधी आहे, त्याची वाट पुन्हा जिल्हा समितीतूनच जाते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचं नाव हमखास निघतं, कारण एनटीपीसीपासून कारखान्यांपर्यंत मोठी नावं जवळ आहेत. कंपनी मंत्रालयाच्या २०१४ च्या परिपत्रकानं रस्ता सुरक्षेला या खर्चात जागा दिली, पण भर जागृती, चालक प्रशिक्षण आणि अपघातग्रस्तांच्या उपचारावर आहे. बांधकामाला हात घालायला कंपन्यांचे लेखापरीक्षक कचरतात. त्यांच्याकडून मोजणी, नकाशा, शाळेतला कार्यक्रम, वॉर्डनची जॅकेटं एवढं घ्या. एक अट मात्र लिहून घ्या: खांबावर कंपनीच्या नावाचा फलक लागणार असेल तर तो क्रॉसिंगच्या अलीकडे, चालकाची नजर अडवील असा नको. देणगीदाराच्या पाटीमागे लहान पोर दिसेनासं होतं. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

निविदेकडे येतो, कारण पट्टे दोनदा पुसण्याचं कारण तिथे आहे.

आपल्याकडे अशी कामं बहुधा टक्केवारी निविदेवर, म्हणजे बी-१ वर निघतात. अंदाजपत्रकी दर कार्यालय ठरवतं आणि मक्तेदार फक्त ‘इतके टक्के कमी’ असं भरतो. डांबरीकरणात दर फार कमी भरला तर निदान रस्ता दिसतो, खडी मोजता येते. पट्ट्यांत तसं नाही. थर्मोप्लास्टिकची बाब साधारण अशी असते: २.५ मिलिमीटर जाडीचा गरम थर, त्यावर रात्री पट्टा चमकावा म्हणून चौरस मीटरला २५० ग्रॅम काचेचे बारीक मणी. २.५ चा थर १.५ झाला तर पहिल्या दिवशी कोणाला कळतं? दोन्ही तितकेच पांढरेशुभ्र. काही ठिकाणी तर थर्मोप्लास्टिकच्या नावावर साधा रंग रोलरनं फिरवलेला असतो. दर पंचवीस-तीस टक्के कमी भरून काम घेणारा मक्तेदार ते पैसे थराच्या जाडीतूनच वसूल करतो. फार कमी दर भरणाऱ्याकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद आहे, ती घेतली जाते. पण कालावधी संपताना पट्टे आहेत की नाहीत हे बघायला कोणी गेलंच नाही, तर ती ठेव सुखरूप परत जाते.

म्हणून माझा आग्रह असा की पट्टे आणि क्रॉसिंग डांबरीकरणाच्या निविदेतून बाहेर काढा. शहराच्या दोन-तीन झोनमधली वीस-तीस क्रॉसिंग मिळून एक निविदा करा, तीन वर्षांची. एकेका क्रॉसिंगची सुटी निविदा निघाली तर ज्याच्याकडे पट्टे मारायचं यंत्रही नाही असा माणूस येतो आणि तो पोटमक्तेदार आणतो. वर लेखापरीक्षणात कामाचे तुकडे पाडल्याचा आक्षेप येतो तो वेगळाच. उलट सबंध शहराचं एकच मोठं काम केलं की उलाढालीची अट एवढी चढते की स्थानिक कोणी उरत नाही, आणि पुण्या-हैदराबादचा मक्तेदार एका पुसलेल्या पट्ट्यासाठी अक्कलकोट रोडला येणार नाही.

पात्रतेत दोन अटी घाला. थर्मोप्लास्टिकचं यंत्र स्वतःचं किंवा कराराने हाताशी असल्याचा पुरावा, आणि असंच काम केल्याचा दाखला, तोही दोन वर्षांपूर्वी केलेल्या कामाचा. गेल्या महिन्यात केलेलं काम कोणाचंही चांगलंच दिसतं.

सगळ्यात महत्त्वाची बिल देण्याची अट. काम झाल्यावर संपूर्ण रक्कम आणि नंतर दोषदायित्वाच्या नावानं पाठपुरावा, ही पद्धत सोडा. साधारण ७० टक्के काम झाल्यावर द्या. बाकीची रक्कम तीन भागांत, प्रत्येक पावसाळ्यानंतरच्या संयुक्त पाहणीत पट्टे, फलक, दिवे शाबूत आढळले तर. मग मक्तेदाराला स्वतःच्या फायद्यासाठी पहिल्याच दिवशी जाड थर द्यावासा वाटतो. पुढच्या वर्षांचा खर्च असल्यामुळे वेगळी मान्यता लागते आणि लेखा विभाग कुरकुर करतो. करू द्या. ‘अशी पद्धत नाही’ हे त्यांचं पहिलं उत्तर असतं, शेवटचं नसतं. सिग्नलच्या वार्षिक देखभाल करारात बंद राहिलेल्या दिवसांचे पैसे कापतातच की, तत्त्व तेच आहे.

कधी कधी अपघातानंतर बोंबाबोंब झाली की महापालिका अधिनियमाच्या कलम ६७ (३) (क) ची तातडी दाखवून आठवड्यात काम उरकलं जातं. लोक खूश होतात. पण त्या कामाला ना नकाशा, ना देखभाल, आणि पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर ‘तिथे नुकताच खर्च झालाय’ हे उत्तर तयार. तातडीत बॅरिकेड आणि वॉर्डन घ्या, पक्कं क्रॉसिंग रीतसर निविदेतूनच येऊ द्या.

आणखी एक शत्रू: खोदाई. जलवाहिनी, ड्रेनेज, गॅस, केबल. पट्ट्यावरून चर जातो, वर सिमेंटचा थापा बसतो आणि अर्धं क्रॉसिंग नाहीसं. रस्ता खोदाईची परवानगी देताना पूर्ववत करण्याचं शुल्क घेतलं जातंच. त्यात ‘क्रॉसिंग, थांबरेषा व उतार मूळ नकाशाप्रमाणे पूर्ववत करणे’ ही ओळ घालायला एक पैसाही लागत नाही. नगर अभियंत्यांच्या एका परिपत्रकाचं काम आहे.

नकाशात काय हवं ते थोडक्यात. क्रॉसिंगची रुंदी किमान ३ मीटर, पट्टा अर्धा मीटर आणि फट अर्धा मीटर. थांबरेषा दोन-तीन मीटर अलीकडे, नाहीतर रिक्षा पट्ट्यावरच थांबते. दोन्ही टोकांना पदपथाला १:१२ चा उतार. शाळेसमोर मी सपाट पट्ट्यांपेक्षा उंचावलेलं क्रॉसिंग मागेन, कारण आपल्याकडे पट्टे बघून गाडी हळू करायची सवय नाही. पदपथाच्या पातळीला, म्हणजे साधारण १५० मिलिमीटर उंच, दोन्ही बाजूंना सौम्य चढ, आणि कडेला पाणी जायला वाट. सोलापुरात पाऊस कमी, पण पडतो तेव्हा तासाभरात धो धो पडतो; पाण्याची वाट नसेल तर क्रॉसिंगचं धरण होतं आणि दुसऱ्या दिवशी लोकच ते फोडायची मागणी करतात. पदपथावर दुचाकी चढू नये म्हणून खांब लावा, पण दोन खांबांत व्हीलचेअर जाईल एवढी जागा सोडा.

रस्ता रुंद असेल तर मध्ये थांबायची जागा ही सगळ्यात स्वस्त सुरक्षा. १४ मीटर रुंदी सेकंदाला १.२ मीटर चालीनं ओलांडायला बारा सेकंद लागतात, डोक्यावर ओझं असलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या बाईला पंधरा-सोळा. तासाला ५० किलोमीटरनं येणारी गाडी बारा सेकंदांत जवळजवळ १७० मीटर येते. म्हणजे ओलांडायला सुरुवात करताना जी गाडी दिसतही नव्हती ती अंगावर. मध्ये दोन मीटर रुंद जागा दिली, निदान १.२ मीटर तरी, की एकावेळी एकाच दिशेकडे बघायचं, सहा सेकंदांचं काम.

दिवा त्याच अंदाजपत्रकात घ्या. नाहीतर बांधकाम विभाग क्रॉसिंग करतो, विद्युत विभागाची फाईल पुढच्या वर्षी निघते आणि पोलिसांची नो-पार्किंगची अधिसूचना त्याच्याही नंतर. तोवर क्रॉसिंगच्या तोंडाशी वडापावची गाडी आणि दोन टेम्पो कायमचे. पोलीस आयुक्तांना पत्र कार्यारंभ आदेशाच्या दिवशीच गेलं पाहिजे. फेरीवाल्याला हटवायचं असेल तर पर्यायी जागा शहर फेरीवाला समितीतून द्या, दांडगाईनं हटवलेला चार दिवसांत परत येतो.

आता काम होत असताना तुम्ही काय बघायचं. इंजिनियर असायची गरज नाही, साधा हिशेब पुरतो. १४ मीटर रुंद रस्त्यावर ३ मीटरचं क्रॉसिंग म्हणजे अर्धा मीटरचे चौदा पट्टे, एकूण २१ चौरस मीटर. २.५ मिलिमीटर थराला चौरस मीटरला सुमारे पाच किलो माल लागतो. म्हणजे शंभर किलोच्या थोडं वर, २५ किलोच्या चार पिशव्या तरी रिकाम्या झाल्या पाहिजेत. मणी सव्वापाच किलो. दोन पिशव्यांत काम उरकलं तर थर निम्मा आहे, बाकी काही बोलायची गरज नाही. रिकाम्या पिशव्यांचा फोटो काढा, त्यावर कंपनीचं नाव आणि बॅच दिसू द्या.

जाडी मोजायची तर पट्टा ओढण्याआधी रस्त्यावर पत्र्याचा एक सपाट तुकडा ठेवायला सांगा. यंत्र त्यावरून जातं, थंड झाल्यावर तुकडा उचलायचा आणि व्हर्नियर या जाडी मोजायच्या साधनानं मोजायचा. पत्र्याची जाडी वजा केली की झालं. कनिष्ठ अभियंत्यानं मोजमाप पुस्तिकेत ती नोंद घ्यावी असा आग्रह धरा. त्याआधी रस्ता झाडलेला आहे का बघा, नुसता झाडू नव्हे, हवा मारून. आपल्या रस्त्यांवर बारीक धुळीचा थर असतोच. त्यावर ओतलेलं थर्मोप्लास्टिक रस्त्याला चिकटत नाही, धुळीला चिकटतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत पापुद्रे निघतात. ओल्या रस्त्यावर काम होऊ देऊ नका. मार्चअखेरची घाई टाळून पावसाळ्यानंतर, कोरड्या हवेत काम घ्या. नव्या डांबरावर लगेच पट्टे नकोत, त्यावरून वाहतूक काही दिवस जाऊ द्या.

रात्री एक चाचणी: तीसेक मीटरवरून दुचाकीचा दिवा टाका. मणी नीट बसले असतील तर पट्टा उजळतो. पिवळट, मेलेला दिसला तर मणी नाहीत किंवा थरात बुडालेत. हे सगळं तुम्ही उभं राहून बघताय एवढ्यानंच कामाचा दर्जा बदलतो. मक्तेदाराची माणसं वाईट नसतात, त्यांना कमी मालात उरकायला सांगितलेलं असतं.

राहिली वर्गणी. ती मोजणीच्या दिवशी पोरांच्या चहा-नाश्त्याला, नकाशा काढून घ्यायला, माहिती अधिकाराच्या फीला आणि फोटोंच्या प्रतींना वापरा. बांधकामात लोकवाटा द्यायचाच असेल तर तो महापालिकेच्या खात्यात पावती घेऊन भरा, मक्तेदाराच्या हातात नको. अर्ज मुख्याध्यापक, मंडळ आणि एखाद्या कारखान्याची कामगार संघटना अशा तिघांच्या सहीनं द्या. सोबत मोजणी, हातनकाशा, माहिती अधिकाराचं उत्तर. एक प्रत झोनला, एक नगर अभियंत्यांना, एक वाहतूक शाखेला. तिन्हीवर आवक क्रमांक घ्या, आणि अर्ज दिवाळीआधी जाऊ द्या.